मनाचे वाटाडे – भाग ७ : आधी स्वतःचं ऐकणारा धर्मगुरू

उपवासकाळातल्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्या वसईच्या चर्चमध्ये क्रुसाची वाट संपली की पापनिवेदनासाठी रांग लागते. वाडीतून आलेल्या बायकांच्या हातांना अजून मोगऱ्याचा वास असतो, कारण सकाळी खुडलेल्या कळ्यांच्या टोपल्या पहिल्या लोकलने दादरला गेलेल्या असतात आणि दुपारभर गजऱ्यांचं काम चाललेलं असतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका शुक्रवारी माझी एक मावशी त्या रांगेत उभी होती. तिने फादरांना तीन पापं सांगितली. रविवारची मिस्सा चुकली. सुनेवर विनाकारण ओरडले. आणि तिसरं, ‘देवाने मला आता न्यावं असं रोज वाटतं.’

पहिल्या दोन पापांवर फादर काही बोलले नाहीत. तिसऱ्यावर थांबले. मावशीची अपेक्षा होती की ते दहा वेळा ‘नमो मारिया’ म्हणायला सांगतील आणि पुढच्या माणसाला बोलावतील. त्यांनी विचारलं, ‘मावशी, झोप कधीपासून लागत नाही?’

हे मला फादरांकडून कळलेलं नाही. पापनिवेदनातला शब्द धर्मगुरू मरेपर्यंत बाहेर काढत नाही, चर्चचा कायदाच तसा आहे. मावशीनेच पुढे दोन वर्षांनी, बरी झाल्यावर, ओटीवर बसून सांगितलं. तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. पापाच्या यादीत आलेलं वाक्य हे पाप नसून आजाराचं लक्षण असू शकतं, हे ओळखायला त्या धर्मगुरूला कुणी शिकवलं असेल? आजचा भाग त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना सापडलेल्या माणसावर आहे. त्याचं नाव फादर अँथनी डी मेलो. सगळे त्यांना टोनी म्हणत.

मागच्या भागात आपण लखनौच्या नूर मंझिलपर्यंत गेलो होतो. १९०७ साली भारतात आलेले मेथडिस्ट मिशनरी स्टॅनली जोन्स सुरुवातीच्या वर्षांतच मनाने पुरते खचले होते. स्वतः त्यातून गेल्यामुळे त्यांनी १९५० साली मनोरुग्णांसाठी हे केंद्र उभं केलं. त्यांच्या नंतरच्या पिढीतल्या इंग्लंडच्या डॉक्टर फ्रँक लेक यांची वाट तर आणखी वेगळी. ते १९३९ साली चर्च मिशनरी सोसायटीतर्फे भारतात आले ते परजीवी जंतूंचा अभ्यास करणारे डॉक्टर म्हणून. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात फ्लॉरेन्स निकोल्स या मनोविकारतज्ज्ञ मिशनरी बाईंच्या आग्रहामुळे ते मनाच्या आजारांकडे वळले. मायदेशी परतल्यावर १९५८ पासून त्यांनी पाद्र्यांसाठी वर्ग सुरू केले. शोकात बुडालेला, भीतीने पछाडलेला, अपराधीपणाने पोखरलेला माणूस दारात आला तर त्याचं कसं ऐकायचं, हे ते शिकवत. मिशनरी म्हणून भारतात यायचं आणि इथे मनाचा वैद्य व्हायचं, असं हे वळण आहे. डी मेलो यांचं वळण त्याच जातीचं, फक्त ते आपल्याच मातीतलं, आपल्याच रेल्वेमार्गावरचं आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्वच्छ करून घेऊ, कारण आपल्याकडे तिचा फार गोंधळ होतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर. तो निदान करतो, औषध देतो. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो, पण गोळी लिहून देत नाही. समुपदेशक माणसाला त्याची अडचण नीट पाहायला मदत करतो. डी मेलो हे यातल्या पहिल्या वर्गातले नव्हते. ते डॉक्टर नव्हते. मानसशास्त्र शिकलेले, मानसोपचाराच्या पद्धती वापरणारे धर्मगुरू होते. पुष्कळ ठिकाणी त्यांना सरसकट मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं जातं, आणि हा फरक पुसला गेला की माणसांचं नुकसान होतं. ते कसं, ते पुढे येईल.

त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईतल्या एका गोवेकर कॅथलिक कुटुंबात झाला. शाळा वांद्र्याची, सेंट स्टॅनिस्लॉस, येशूसंघीयांची. वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, ते येशूसंघात दाखल झाले. अंधेरीच्या विनयालयात त्यांची सुरुवातीची घडण झाली. अंधेरी तेव्हा मुंबईची वेसच होती. १९५२ मध्ये त्यांना तत्त्वज्ञान शिकायला स्पेनमध्ये बार्सिलोनाला पाठवलं गेलं. परत आल्यावर पुण्याच्या दि नोबिली कॉलेजात ईश्वरविज्ञान, मार्च १९६१ मध्ये गुरुदीक्षा, आणि मग १९६३–६४ मध्ये शिकागोच्या लॉयोला विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास. नुसती ठिकाणं वाचली तर हा एका हुशार धर्मगुरूचा नेहमीचा प्रवास वाटेल. पण यातल्या दोन थांब्यांवर त्यांच्या हाती जे लागलं, त्यावर पुढचं सगळं उभं आहे.

पहिला थांबा स्पेन. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती हे मुळात शिपाई. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून असताना त्यांच्या लक्षात आलं की काही विचार मनात येताना गोड वाटतात, पण गेल्यावर मन कोरडं करून जातात. काही विचार गेल्यावरही प्रसन्नता मागे राहते. मनाचं असं निरीक्षण करत त्यांनी तीस दिवसांच्या आध्यात्मिक साधनेची रीत बांधली. आजच्या भाषेत म्हणायचं तर स्वतःच्या मनाची नोंदवहीच ठेवली. डी मेलो यांनी स्पेनमध्ये फादर होसे काल्व्हेरास या वयोवृद्ध गुरूंच्या हाताखाली ही तीस दिवसांची साधना केली. लोकांना प्रार्थना कशी करावी हे प्रत्यक्ष शिकवणारा गुरू अशी काल्व्हेरासांची ख्याती होती. प्रार्थना ही शिकता येते, तिला तंत्र असतं, हे टोनी तिथे शिकले.

दुसरा थांबा शिकागो. अमेरिकेत तेव्हा कार्ल रॉजर्स यांच्या विचारांचं वारं जोरात होतं. रॉजर्स स्वतः कडक धार्मिक घरात वाढले, पाद्री होण्यासाठी न्यू यॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दोन वर्षं शिकले आणि मग मानसशास्त्राकडे वळले. शिकागो विद्यापीठात त्यांनी बारा वर्षं काम केलं. डी मेलो तिथे पोचेपर्यंत ते शहर सोडून गेले होते, तरी त्यांनी मांडलेलं सूत्र सगळीकडे रुजलं होतं. समोरच्याला सल्ला देऊ नका. त्याच्यावर निवाडा करू नका. त्याचं ऐका, त्याच्या जागी जाऊन ऐका, आणि ऐकताना स्वतःशी खोटं बोलू नका. एवढ्याने माणूस बदलू लागतो.

धर्मगुरूच्या दृष्टीने हे किती उलटं आहे, याचा विचार करा. आपल्या धर्मग्रामात फादरांकडे माणूस जातो तो काय करायचं ते विचारायला. फादर सांगतात, माणूस मान डोलावतो, घरी येतो. शतकानुशतकं हेच चाललं आहे. पापनिवेदनाची ती लाकडी पेटी, मधे जाळी असलेली, सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी रूढ केली. वसईतली आमची जुनी चर्च त्याच शतकातली. पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई घेतली आणि पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय आले. येशूसंघीयांच्या सहवासात वाढलेला इथला गोन्सालो गार्सिया पुढे फ्रान्सिस्कन बंधू होऊन जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. म्हणजे वसईने मिशनरी बाहेरून आलेले पाहिले तसेच बाहेर पाठवलेही. त्या सगळ्या परंपरेत धर्मगुरू हा बोलणारा होता. ऐकायचा तेही क्षमा देण्यासाठी. जाळीपलीकडचा माणूस का रडतो आहे, हे समजून घेण्याची रीतसर विद्या त्याच्याकडे नव्हती.

ती विद्या धर्मगुरूंनी शिकावी, असं म्हणणारी माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती. झुरिकचे पाद्री ऑस्कर फिस्टर यांनी फ्रॉइडशी तीस वर्षं पत्रमैत्री ठेवली. फ्रॉइडने धर्माला भ्रम म्हटलं, फिस्टरनी त्याला लेख लिहून उत्तर दिलं, आणि मैत्री टिकली. अमेरिकेतले पाद्री अँटन बॉयसन १९२० साली स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बाहेर आल्यावर ते वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मसेवक म्हणून रुजू झाले आणि १९२५ पासून त्यांनी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तिथे बोलावून रुग्णांमध्ये बसवायला सुरुवात केली. पुस्तकं वाचता तशी ही जिवंत माणसं वाचा, असं त्यांचं म्हणणं. हे सगळे प्रॉटेस्टंट. कॅथलिक चर्चने अधिकृतपणे दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर झालेल्या, आधुनिक जगातल्या चर्चविषयीच्या दस्तऐवजात साफ म्हटलं आहे की धर्मसेवेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्राच्या शोधांचा पुरेसा उपयोग करून घेतला पाहिजे. डी मेलो शिकागोहून परतले त्याला तेव्हा फार काळ लोटलेला नव्हता.

पुढची काही वर्षं त्यांनी तरुण येशूसंघीयांना घडवण्यात आणि मननशिबिरं देण्यात घालवली. १९७२ साली त्यांनी पुण्याला दि नोबिली कॉलेजात धर्मसेवेतल्या समुपदेशनाची संस्था काढली. तीच पुढे ‘साधना’ या नावाने ओळखली गेली आणि नंतर लोणावळ्याला गेली. तिथल्या शिबिरांत धर्मगुरू आणि सिस्टर येत. मोठं शिबिर नऊ महिन्यांचं. नऊ महिने! वीस वर्षं मिस्सा केलेला, शाळा चालवलेला, आदिवासी पाड्यांवर चालत फिरलेला धर्मगुरू सगळं बाजूला ठेवून नऊ महिने एका गटात बसायचा, आणि त्याला पहिला प्रश्न असायचा तो लोकांबद्दल नव्हे, त्याच्याच बद्दल. तुला राग कशाचा आहे? तू कुणाला खूश करायला धडपडतोस? तुला भीती कुणाची वाटते?

मला वाटतं, डी मेलो यांचं खरं काम इथे आहे. पुस्तकं जगभर गेली, त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक झाली, पण त्यांनी मिशनची दिशा फिरवली हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. मिशनरी म्हणजे दुसऱ्याकडे जाणारा. डी मेलो यांनी मिशनऱ्यांनाच आत पाठवलं. ज्याचं स्वतःचं कुणी कधी ऐकलं नाही, तो दुसऱ्याचं काय ऐकणार? ज्याने स्वतःचा राग कधी पाहिला नाही, तो पापनिवेदनाला आलेल्या माणसावर तो राग काढणारच. कडक शिस्तीच्या सेमिनरीतून गेलेल्या त्या पिढीला रडायची, चिडायची, ‘मला एकटं वाटतं’ असं म्हणायची मुभा कधी मिळालेली नव्हती. साधनेत ती मिळाली. अहमदाबादचे फादर वालेस, गणिताचे प्राध्यापक आणि गुजराती भाषेतले लाडके लेखक, पन्नाशी ओलांडल्यावर या नऊ महिन्यांच्या शिबिराला जाऊन बसले. डी मेलो गेले त्याच वर्षी त्यांनी या अनुभवावर पुस्तक लिहिलं. त्यातले टोनी आधी कठोर, नियमांचे पक्के, आणि मग हळूहळू मोकळे होत गेलेले दिसतात. काल सांगितलेलं आज बदलायला ते कचरत नसत. शिष्यांनाही बजावत, माझ्या जुन्या वाक्यात मला बांधून ठेवू नका.

शिबिरात नेमकं काय चाले? एक पद्धत गेस्टाल्ट मानसोपचारातली, फ्रिट्झ पर्ल्स यांनी लोकप्रिय केलेली. समोर रिकामी खुर्ची ठेवायची. तिच्यावर आपले वडील बसले आहेत असं समजायचं, भले ते वारून वीस वर्षं झालेली असोत, आणि जे कधी बोललो नाही ते त्यांच्याशी बोलायचं. मग उठून त्या खुर्चीवर बसायचं आणि वडिलांच्या बाजूने उत्तर द्यायचं. वाचायला सोपं वाटतं, करताना धीट माणसांचा कंठ दाटून येतो. डी मेलो यांनी ही खुर्ची प्रार्थनेत आणली. यामागची एक गोष्ट ते सांगत. एक आजारी म्हातारा होता, त्याला प्रार्थना करणं कधी जमलं नाही. कुणीतरी त्याला सांगितलं, शेजारी एक खुर्ची ठेव, तिच्यावर येशू बसला आहे असं मान आणि त्याच्याशी गप्पा मार. म्हातारा रोज तसं करू लागला. काही दिवसांनी तो गेला, तेव्हा त्याचं डोकं खाटेवरच्या उशीवर नव्हतं, त्या खुर्चीवर टेकलेलं होतं.

दुसरी पद्धत आपल्या अगदी जवळची. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून आले आणि मुंबईत त्यांनी विपश्यनेचं भारतातलं आपलं पहिलं शिबिर घेतलं. इगतपुरीचं केंद्र १९७६ चं. सत्तरच्या दशकात डी मेलो गोएंकांच्या शिबिराला बसले आणि त्याचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो फक्त पाहायचा. खांद्याला कापड लागतं आहे, पाठ खुर्चीला टेकली आहे, हात मांडीवर आहेत, हे एकेक जाणवून घ्यायचं. १९७८ साली गुजरातेतल्या आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाश या संस्थेने काढलेल्या त्यांच्या ‘साधना’ या पुस्तकाची सुरुवात अशाच व्यायामांनी होते. त्यात एकूण ४७ साधना आहेत. आधी जाणीव, मग कल्पनाचित्रं, मग भक्ती. इग्नाती, गोएंका आणि पर्ल्स एकाच पुस्तकात सुखाने नांदतात. पुस्तक इंग्रजीत, पण नाव मात्र आपल्या भाषांतलं. तेच नाव घेऊन ते जगभरातल्या भाषांत गेलं. घाटमाथ्यावर घडलेली ही गोष्ट आहे, याचा मला मराठी माणूस म्हणून आनंद वाटतो.

ते सांगत त्या छोट्या कथाही अशाच. मुल्ला नसरुद्दीन, झेन गुरू, ज्यू संत, वाळवंटातले ख्रिस्ती तपस्वी, उपनिषदातले ऋषी, सगळे एका पंगतीला. ज्या भाषेत चक्रधरांचे दृष्टांत केसोबासांनी जमवले आणि ज्या भाषेत येशूच्या दाखल्यांना ‘दाखले’ हा इतका नेमका शब्द सापडला, त्या भाषेच्या वाचकाला गोष्टीतून शिकवणं नवं नाही. उपदेशाला माणूस प्रतिकार करतो. गोष्टीला दार उघडून देतो, आणि मग रात्री अंथरुणावर ती गोष्ट त्याला जागं ठेवते. चांगला समुपदेशकही हेच करतो, उत्तर देत नाही, प्रश्न मनात ठेवून जातो.

जून १९८७ च्या सुरुवातीला व्याख्यानांसाठी न्यू यॉर्कला गेले असताना, फोर्डहॅम विद्यापीठात मुक्कामी, हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय अवघं ५५. त्यांना मायदेशी आणून वांद्र्याच्या सेंट पीटर चर्चमध्ये मूठमाती दिली. चर्चगेटला जाणाऱ्या लोकलमधून आपली वसईची माणसं रोज वांद्रे स्टेशन ओलांडून जातात. तिथे उतरून हिल रोडवरच्या त्या चर्चमध्ये पाच मिनिटं थांबावं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आता अवघड भाग. २४ जून १९९८ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने डी मेलो यांच्या लिखाणाविषयी एक सूचनापत्र काढलं. त्यावर विभागप्रमुख कार्डिनल रॅट्झिंगर यांची सही होती, हेच पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. सुरुवातीच्या पुस्तकांतलं ध्यान आणि शहाणपण उपयोगी आहे हे त्यात मान्य केलेलं होतं. पण नंतरच्या लिखाणात देव व्यक्तिरूप उरत नाही, येशू हा अनेक गुरूंपैकी एक गुरू होतो, आणि ही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नसून घातक ठरू शकतात, असा निष्कर्ष होता. त्याच्या एकच महिना आधी, २२ मे १९९८ रोजी, मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत जाहीर झाला होता. इकडे आनंदाचे दिवस होते आणि तिकडे डी मेलो यांच्या शिष्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अकरा वर्षांपूर्वी गेलेला माणूस उत्तर द्यायला येऊ शकत नव्हता.

माझं मत सांगतो. चर्चला आपल्या श्रद्धेची सीमा आखण्याचा अधिकार आहे, आणि नंतरची काही पुस्तकं ही त्यांच्या मृत्यूनंतर ध्वनिफितींवरून इतरांनी तयार केलेली आहेत, हेही विसरता येत नाही. बोललेला शब्द आणि तोलून लिहिलेला शब्द यांत अंतर असतं. ‘साधना’ मी निश्चिंत मनाने कुणाच्याही हाती देईन. मरणोत्तर आलेल्या ‘अवेअरनेस’विषयी मात्र माझी तक्रार ईश्वरविज्ञानाची नाही, मनाच्या आरोग्याची आहे. ‘जागे व्हा, तुमचं दुःख तुमच्याच समजुतींतून आलेलं आहे’ हा तिथला सूर निरोगी, थोड्या झोपी गेलेल्या माणसाला खडबडून उठवतो. तोच सूर तीव्र नैराश्यात बुडालेल्या माणसाला सांगतो की दोष तुझाच. ज्याला स्किझोफ्रेनिया आहे, ज्याच्या कानात आवाज येतात, त्याला श्वासाकडे बघ म्हणून चालत नाही. त्याला डॉक्टर हवा, गोळ्या हव्यात, वेळेवर हव्यात. साधनेची शिबिरं मुळात कामात रुळलेल्या धर्मगुरूंसाठी आणि सिस्टरांसाठी होती. पुस्तक मात्र कुणाच्याही हाती पडतं. सुरुवातीला तीन शब्दांचा फरक सांगितला तो एवढ्यासाठी.

हा फरक वसईत रोज समोर येतो. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांच्या पुढे होती, आणि तेव्हापासून नालासोपारा-विरारच्या इमारती किती वाढल्या ते आपण पाहतोच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५–१६ मध्ये झालं. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. आमच्या आजोबांच्या वेळी कुणाचं डोकं फिरलं तर एकच नाव निघायचं, ठाण्याचं. १९०१ साली सुरू झालेलं ते मनोरुग्णालय, आणि ‘ठाण्याला नेलं’ एवढे दोन शब्द घराची मान खाली घालायला पुरेसे असत. म्हणून माणसं आधी भगताकडे जात, नोव्हेना करत, अलीकडे केरळात पोट्टाच्या मननशिबिराला जाऊन येतात. प्रार्थनेने बळ मिळतं, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे. पण या सगळ्या वाटांवर कुठेतरी फादर भेटतातच. हिंदू घरात कुलगुरू असेल नसेल, आमच्या धर्मग्रामात फादर असतात, दार ठोठावलं की उघडतात. डॉक्टरच्या आधी त्यांच्या कानावर पडतं.

त्यांच्या कानावर काय पडतं आणि ते त्याला काय म्हणतात, याने जीव वाचतात किंवा जातात. एक जुना कायदा सांगतो. १९१७ च्या चर्चच्या कायद्यानुसार, जाणूनबुजून आत्महत्या केलेल्या माणसाला चर्चचे अंत्यविधी नाकारले जात. त्या घराचं दुःख दुप्पट व्हायचं. एकदा माणूस गेल्याचं, आणि एकदा त्याला आपल्यातून काढून टाकल्याचं. १९८३ च्या नव्या कायद्यातून ती बंदी गेली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात तर स्पष्ट लिहिलं आहे की गंभीर मानसिक आजार, असह्य यातना किंवा भीती यांमुळे त्या माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. हा बदल आभाळातून पडला नाही. मनाचा आजार हा आजार आहे, हे चर्चला मानसशास्त्राने शिकवलं, आणि ते चर्चच्या आत आणायला फिस्टर, बॉयसन, लेक आणि डी मेलो यांच्यासारखी कितीतरी माणसं खपली. आपल्या देशाच्या कायद्यानेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हेच मान्य केलं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घ्यायची. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे, तिच्यावर मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक चर्चच्या, देवळाच्या, मशिदीच्या सूचनाफलकावर लिहिलेला असावा, असं मला कळकळीने वाटतं.

वसईच्या धर्मगुरूंनी समाजाच्या कामात कधी मागे पाहिलेलं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, आणि उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. पाणी, झाडं, भाषा यांसाठी फादर लढतात हे आम्हाला सवयीचं आहे. मनाचं काम तसं दिसत नाही. त्याला मोर्चा नसतो, बातमी नसते. बंद खोलीत दोन खुर्च्या असतात आणि एक माणूस बोलत असतो. त्या खोलीत बसणाऱ्याला कुठे थांबायचं आणि केव्हा डॉक्टरांकडे पाठवायचं हे ठाऊक असणं ही चैन नाही, ती त्याच्या सेवेची गरज आहे.

मावशीच्या फादरांनी समुपदेशनाचा अभ्यास केलेला होता, हे मला नंतर कळलं. त्या शुक्रवारी त्यांनी तिला क्षमा दिली, आणि क्षमा दिल्यावर म्हणाले, ‘जे तिसरं सांगितलंत ते पाप नाही. त्याबद्दल उद्या चर्चबाहेर, बागेतल्या बाकावर बोलू. हे तुम्ही इथे सांगितलंत म्हणून मी तिथे काढणार नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही काढा.’ मावशी दुसऱ्या दिवशी गेली. अर्धा तास बोलली, बरंचसं रडली. फादर जवळजवळ काहीच बोलले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, ‘मुलाला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जाल का? तुम्ही म्हणाल तर मीही येतो.’ ती म्हणाली, ‘लोक काय म्हणतील?’ फादर म्हणाले, ‘फादर डॉक्टरकडे आले होते, असं म्हणतील.’

गोळ्या दीड वर्ष चालल्या. रोझरी रोजची चालूच होती. आता पहाटे मोगरा खुडताना ती पुन्हा गुणगुणते, आणि सुनेशी भांडण झालंच तर संध्याकाळपर्यंत मिटतं. त्या बाकावर नंतरही कधीमधी कुणीतरी बसलेलं दिसायचं. फादर शेजारी, मान किंचित झुकवून, ऐकत.